दोन इंच

सेलेडोनिओ त्रुहियो आला तेव्हा
त्याच्या हातात विलोची एक काठी होती,
चाकूनं दोन खाचा पाडलेली.
ही ट्रकच्या पोटाची, म्हणाला,
ही ओढ्यातल्या दगडाची.
दगडाची खाच वर, पोटाची खाली,
मधे तीन बोटांचं भांडण.

न्यू मेक्सिकोच्या या डोंगरात बर्फ वितळलं
की गावच्या पाटाला पाणी सोडायचं काम त्याचं.
बावीस वर्षं पाटकरी.
पाटाच्या दाराशी पोचायचं तर ओढा ओलांडायचा,
आणि गेल्या साली पुरानं तो दगड आणून बसवला
नेमका चाकोरीच्या मधोमध,
वसुलीला आलेल्या माणसासारखा.

माझा पुतण्या आमादेओ कॅटलॉग घेऊन पुढे :
सहा इंच घ्या, तिओ. आणि मोठे टायर.
त्याच्या स्वतःच्या ट्रकला आठ आहेत,
स्वर्ग दोनच बोटं उरलाय त्याला,
आणि दर दोन महिन्यांनी जॉइंटचं रबर फाटून ग्रीस गळत
तो माझ्याच गॅरेजात येतो. फुकट.
मी काही बोलले नाही.

किती हवं? मी विचारलं.
त्यानं काठी पुढे केली. तीन.
मग जरा थांबून, तीन चालतील ना?
हे त्यानं मला विचारलं नव्हतं.
तो दाराबाहेर बघत होता.

बाहेर त्याची बहीण, उर्सुलिता,
शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी
खडू हातात असल्यासारखी उभी.
दर बुधवारी तिला एस्पान्योलाला न्यायचं,
डॉक्टरकडे, आणि परतताना पीच घ्यायचे, असतील तर.
पायरी लावून देते, मी म्हटलं.
पायरी चर्चला असते, ती म्हणाली. गाडीला नाही.

मग मी पाइनच्या फळ्या काढल्या, इंच इंच जाडीच्या,
आणि ट्रक त्यांच्यावर चढवला.
एक फळी. ती चढली, बसली, उतरली.
दोन. हात कडीला गेला. डावा गुडघा वाजला,
मला ऐकू आला. चढली.
उतरताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
तीन.
पाय उचलला गेला आणि तिथेच राहिला,
हवेत,
नाचात मधेच ठेका हरवावा तसा.
तिनं तो खाली ठेवला,
बुटावर नसलेली धूळ झटकली
आणि म्हणाली, इथे वारा फार आहे.

आमादेओनं कॅटलॉग मिटलं. एवढी अक्कल आहे त्याला.

सेलेडोनिओनं खिशातून चाकू काढला,
काठीवर तिसरी खाच पाडली,
दगडाच्या खाचेखाली, केसभर.
दोन, तो म्हणाला.
आणि दगड?
दगडाला मी बघतो. छिन्नी आहे घरी.

पुढे दोन इंचांच्या चकत्या,
मागे पाट्यांत एक जादा पाटा.
पाटकऱ्याला पाटा, आणखी काय हवं.
ब्रेकच्या नळ्या ताणल्या नाहीत,
टायर तेच, जुने, अजून एक हिवाळा काढतील.
चाकं सरळ केली. बोल्ट पुन्हा आवळले.
संध्याकाळी ट्रक भिंतीसमोर उभा करून
दिव्यांचे स्क्रू फिरवत बसले, कारण
नाक जरा वर गेलं की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो,
तो हातानं खाली आणावा लागतो.
हे कॅटलॉगात नसतं.
लांबून कुणी पाहिलं तर म्हणेल
या ट्रकला काही केलेलंच नाही.
बिल बघून तोही तेच म्हणाला.

एप्रिलमधे चार दिवस वरून ठकठक ऐकू येत होती,
दुपारी थांबायची, पुन्हा सुरू.

मग पाणी आलं.
आमच्या लसणाच्या वाफ्यापर्यंत आलं, गढूळ.
मी ओंजळीत घेऊन पाहिलं,
दगडाची भुकटी असेल म्हणून.
तसं काही दिसलं नाही.
थंड होतं.